पायाची जखम: ड्रेसिंगच्या टेबलापासून कोडपर्यंत

‘पायाला जखम. ड्रेसिंग केलं. परवा बोलावलं.’ आमच्याकडच्या केसपेपरवर ही ओळ हमखास सापडते. पेशंट बरा होऊन जातो, ओळ पुन्हा कुणी वाचत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच चालत राहते. पण तीच ओळ कोडरच्या (नोट वाचून निदानाचे आणि उपचाराचे ठरलेले कोड लावणाऱ्याच्या) हाती आली की सहा-सात अक्षरी कोडातली निम्मी घरं रिकामी राहतात. मी आधी लातूरला एका खासगी दवाखान्यात ड्रेसिंग रूम सांभाळली आणि आता रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या क्लिनिकचे चार्ट कोड करते, त्यामुळं दोन्ही बाजूंची अडचण माहीत आहे. हे लिहितेय ते नोट लिहिणाऱ्या सिस्टर-ब्रदरसाठी, आणि बी.फार्म., बीएचएमएस, बी.एस्सी. करून संभाजीनगर-नांदेडच्या क्लासला कोडिंग शिकणाऱ्या पोरापोरींसाठीही. आपल्या भागात पाठांतराची सवय दांडगी. पण जखमांचे कोड पाठ करून हाती लागत नाहीत. पाठ करायचे असतील तर जखमेला विचारायचे प्रश्न करा.

सुरुवातीलाच एक खुलासा. आपल्या रुग्णालयांच्या रेकॉर्ड विभागात जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-१०, म्हणजे आजारांच्या कोडची यादी, चालतं. त्यात पायाच्या व्रणाला (अल्सरला) एल९७ एवढाच कोड आहे. उजवा-डावा नाही, खोली नाही. अमेरिकेच्या कामाला त्याच यादीची जास्त तपशिलाची अमेरिकन आवृत्ती, आयसीडी-१०-सीएम, लागते आणि तिथं तोच एल९७ पुढं वाढून सहा अक्षरी होतो. खालचे कोड या दुसऱ्या प्रकारचे आहेत. इथं ते देवनागरीत लिहिलेत, सॉफ्टवेअरमध्ये टाकताना रोमन अक्षर टाका: एल, ई, एस, टी, झेड जसे वाचता तसेच, ‘आय’ म्हणजे नववं अक्षर, एक आकडा नव्हे. नवीन पोरं इथं नेमकी फसतात.

कशामुळं?

हा प्रश्न सगळ्यांत आधी, कारण कोड कोणत्या प्रकरणात शोधायचा ते यावरच ठरतं. खरीप निघाल्यावर रानात सोयाबीनचे खुंट उभे असतात, पऱ्हाटीचे असतात, बांधाला बाभळीचे काटे. अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेनं फिरणाऱ्याच्या तळव्यात एखादा घुसतोच. समजा उजव्या तळव्यात काटा मोडून आत राहिलाय आणि माणूस त्याच दिवशी आला. ही बाह्य वस्तूसह टोचल्याची जखम: एस९१.३४१ए. घरीच सुईनं काटा काढून आला आणि आत काही राहिलेलं नाही, तर एस९१.३३१ए. फरक एका आकड्याचा, पण तो मिळतो कशातून? ‘काटा आत होता, चिमट्यानं काढला’ किंवा ‘काटा घरी काढला, आत काही नाही’ या वाक्यातून. म्हणून काटा कुणी काढला, कुठं काढला, हे पेशंटला विचारून लिहायचं.

आता तीच जागा, तोच काटा, पण पेशंटला साखर आहे आणि तीन आठवडे झाले तरी जखम भरत नाही. डॉक्टर लिहितात, टाइप २ डायबेटिस, उजव्या चवड्याखाली फूट अल्सर. आता एस९१ कडं बघायचंही नाही. पहिला कोड ई११.६२१, म्हणजे टाइप २ डायबेटिससह पावलाचा व्रण, आणि त्याच्यामागं एल९७ मधला, जो व्रण कुठं आणि किती खोल ते सांगतो. क्रम उलटा करायचा नाही. एल९७ च्या खाली मूळ आजार आधी लिहा अशी सूचनाच छापलेली आहे. आणि ६२१ फक्त पावलासाठी. डायबेटिसचा व्रण नडगीवर किंवा पोटरीला असेल तर ई११.६२२.

डायबेटिस आणि पावलाचा व्रण एकाच चार्टमध्ये असतील आणि डॉक्टरांनी ‘यामुळं ते’ असं स्पष्ट लिहिलं नसेल, तरी आयसीडी-१०-सीएमच्या नियमाप्रमाणं त्यांचा संबंध धरता येतो, डॉक्टरांनी संबंध नाही असं लिहिलं नसेल तर. ही सवलत सगळ्या जोड्यांना नाही. आयसीडी-१०-सीएमच्या सूचीत ‘सह’ (इंग्रजीत ‘विथ’) या शब्दाखाली जे येतं तेवढ्यालाच. साखर असलेल्या माणसाला कोयता लागला म्हणजे ती डायबेटिसची जखम होत नाही. तिथं जखम वेगळी, साखर वेगळी.

‘काही लागलं न्हाई बाई, आपोआपच फुटलं’ असं सांगणारे पेशंट भरपूर. दिवसभर उभं राहून काम करणारे असतात: हॉटेलात भट्टीपुढचे, इस्त्रीवाले, कंडक्टर. आतल्या घोट्याच्या वरची कातडी काळपट झालेली, शिरा दोरीसारख्या फुगलेल्या, रात्री पाय जड. डॉक्टरांनी व्हेरिकोज व्हेन्समुळं व्रण असं निदान केलं की गट आय८३.० चा. डाव्या घोट्याला असेल तर आय८३.०२३, सोबत एल९७.३२ आणि खोलीचा आकडा. शिरांचा दाहही नोंदला असेल तर आय८३.०२३ ऐवजी आय८३.२२३; दोन्ही एकत्र टाकायचे नाहीत. रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्यानं झालेला व्रण आय७० मध्ये जातो, आय७०.२३ उजवा, आय७०.२४ डावा. या दोन प्रकारांत उपचार अगदी उलटे असतात. शिरांच्या व्रणाला घट्ट पट्टी बांधतात, रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला तशी बांधली तर पाय धोक्यात येतो. म्हणून पावलावरची नाडी लागते की नाही, घोटा-दंड दाबाचं गुणोत्तर (एबीआय, म्हणजे घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा) काढलं असेल तर किती आलं, हे नोटमध्ये हवंच. ०.९ च्या खाली म्हणजे रक्तपुरवठा कमी. साखरेच्या जुन्या पेशंटमध्ये मात्र कडक झालेल्या रक्तवाहिन्यांमुळं हा आकडा फसवा वर जातो, १.४ च्या पुढंही. तो बघून कुणी ‘उत्तम’ लिहू नये.

अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या टाचेला काळी खपली दिसली, तर ती बहुधा दाबामुळं झालेली. गट एल८९. डाव्या टाचेला एल८९.६२ आणि शेवटी अवस्थेचा आकडा. खपलीनं तळ झाकलेला असेल तर अवस्था चार लिहायची नाही. ‘अवस्था ठरवता येत नाही’ असा वेगळा प्रकार आहे, एल८९.६२०. आणि डॉक्टरांनी अवस्थाच लिहिली नसेल तर ते आणखी वेगळं, एल८९.६२९. पहिल्यात जखम बघून ठरवता आली नाही, दुसऱ्यात कुणी लिहिलंच नाही. ऑडिटमध्ये यावर बोट ठेवतात.

उरली ऑपरेशनची टाके उसवलेली जखम, टी८१.३१एक्सए, आणि भाजल्याची. भाजलेल्यांत आमच्याकडं पावलं बधिर झालेल्या माणसानं गरम पाण्यात पाय घालून बसणं किंवा शेक घेणं हे नेहमीचं. चटका त्याला कळतच नाही. पाऊल-घोटा टी२५, त्याच्यावरचा पाय टी२४. फोड आला की व्रण म्हणू नका, भाजलं आहे हे लिहा. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाऊन आलेल्यांच्या तळव्यांचे फोड आणखी निराळे: घासल्याचा फोड, उजवं पाऊल एस९०.८२१ए. साखर असलेला भक्त असेल तर आठवड्यानं परत बघून तेव्हा काय आहे ते नव्यानं लिहा.

जे ड्रेसिंग रूममधून कोडिंगला आलेत त्यांना एक सांगते. फोटो बघितला की आपल्याला कळतं ही कशाची जखम आहे. तरी आपण ठरवायचं नाही. निदान डॉक्टरांचं हवं, नसेल तर विचारायचं. ते कसं विचारायचं ते शेवटी.

कुठं, कोणता पाय?

मांडी, पोटरी, घोटा, टाच आणि पावलाचा मधला भाग, चवडा-बोटं, नडगी. एल९७ ची चौथी जागा यावरून भरते: मांडी १, पोटरी २, घोटा ३, टाच व मधलं पाऊल ४, बोटांसह बाकीचं पाऊल ५, गुडघ्याखालचा बाकीचा भाग, म्हणजे नडगी वगैरे, ८. जागाच लिहिली नसेल तर ९. पाचवी जागा बाजूची: उजवा १, डावा २, लिहिलेलं नसेल तर ०. या शून्याला क्लेम (विमा कंपनीकडं पाठवलेलं बिल) परत येण्याची शक्यता भरपूर, आणि कारण काय, तर कुणी एक शब्द लिहिला नाही. दोन्ही पायांना व्रण असतील तर दोन कोड.

पेशंटसमोर बसलं की आपला उजवा हात त्याच्या डाव्या पायाकडं असतो. गर्दीत उजवं-डावं इथंच बदलतं. पायाला हात लावूनच लिहायचं.

किती खोल?

इथं थोडं थांबा, कारण सगळ्यांत जास्त चार्ट इथं अडतात. नोटमध्ये ‘खोली १ सेमी’ असतं. जखम भरतेय का, हे बघायला ते माप लागतं, पण कोडला ते पुरत नाही. सहाव्या जागेला तळाशी कोणता थर दिसतो ते हवं असतं. फक्त कातडी गेली असेल तर १. चरबीचा थर उघडा पडला असेल तर २. स्नायू कुजला असेल तर ३, हाड कुजलं असेल तर ४. स्नायूपर्यंत गेलीय पण कुजल्याची खूण नाही तर ५, हाडापर्यंत गेलीय पण कुजलेलं नाही तर ६. दुसरं काही नेमकं लिहिलेलं असेल तर ८, काहीच नसेल तर ९. यातले ५, ६ आणि ८ ऑक्टोबर २०१७ पासून आले. जुन्या झेरॉक्सवर शिकवणाऱ्या क्लासच्या नोट्समध्ये ते अजून नसतील.

नडगीवर कातडीखाली लगेच हाड, पोटरीला मांस जाड. नडगीवर अर्ध्या सेंटिमीटरला हाड दिसेल, पोटरीला तेवढ्यात चरबीसुद्धा संपणार नाही. म्हणून सेंटिमीटरवरून थर ओळखायचा नाही. ‘तळाशी पिवळी चरबी दिसते, स्नायू दिसत नाही’ एवढं वाक्य लिहिलं की २ हा आकडा मिळाला. ‘हाड दिसतंय’ आणि ‘हाड कुजलंय’ यांत ६ आणि ४ एवढं अंतर आहे. वॅगनरची श्रेणी (डायबेटिक पायाचा व्रण किती गंभीर ते सांगणारी) लिहिलेली असते, तीही उपयोगाची, पण तिच्यावरून सहावा आकडा काढायचा नाही.

सिस्टर लोकांनी हे नीट वाचावं: व्रणाच्या खोलीची आणि दाबव्रणाच्या अवस्थेची नोंद नर्सनं केलेली असली तरी कोडरला ती वापरता येते. निदान मात्र डॉक्टरांनी लिहिलेलं असायला हवं. म्हणजे डॉक्टर ‘डायबेटिक फूट अल्सर’ एवढंच लिहून पुढं गेले तरी तुमच्या ड्रेसिंग नोटमधली ओळ कोड पूर्ण करते. आपल्याकडं नर्सची नोट फाइलच्या मागच्या पानांत पडून असते. तिथं ही नोट पैसे आणते किंवा अडवते.

मापाची पद्धत ठरवून ठेवा आणि दर वेळी तीच पाळा. लांबी डोक्याकडून पायाकडं, रुंदी तिला आडवी, खोली निर्जंतुक काडीनं, सगळं सेंटिमीटरमध्ये. कडेखाली पोकळी असेल तर घड्याळाचे आकडे वापरतात, डोक्याच्या बाजूला १२. तळ किती टक्के लाल, किती पिवळा, किती काळा. पू, पाणी किंवा रक्त यातलं काय येतं, किती, वास कसा. भोवतालची कातडी लाल, गरम, सुजलेली आहे का. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, तारीख दिसू द्या, चेहरा येऊ देऊ नका. आणि तो फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, कितीही ‘शिकण्यासाठी’ वाटला तरी.

कोयता, खुरपं आणि सातवं अक्षर

बीड, परळी, केज, धारूरकडची माणसं उसाच्या तोडणीला जातात, तेव्हा नडगीवर कोयत्याचा वार ठरलेला. डाव्या नडगीला कापलं, आत काही अडकलेलं नाही: एस८१.८१२ए. शेवटचं ए म्हणजे सक्रिय उपचार चालू. पुष्कळ जण त्याचा अर्थ पहिली भेट असा लावतात, तसं नाही. कारखान्याच्या गावी टाके घातले, मग माणूस गावाकडं आला आणि तुमच्याकडं पहिल्यांदाच आला, पण जखम भरत आलीय आणि फक्त टाके काढायचेत, तर डी: एस८१.८१२डी. टाके काढण्यासाठी किंवा ड्रेसिंग बदलण्यासाठी झेड४८ चे कोड आहेत, पण दुखापतीच्या जखमेला ते लावायचे नाहीत. तिथं डी पुरतो. जुन्या जखमेचा वण किंवा आखडलेपणा घेऊन आला तर एस.

स्नायूला किंवा टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) इजा असेल तर एस८६ मधला कोड जोडीला. कोयता लागला की मारला, हेही विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहा. मारला असेल तर बाह्य कारणाचा कोड हल्ल्याचा, एक्स९९, आणि इथल्या दवाखान्यात तुमची एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस).

टाक्यांचे सीपीटी कोड (निदानाचे नव्हे, केलेल्या प्रक्रियेचे अमेरिकन कोड) लांबीवर आणि थरांवर चालतात. नडगीची ६ सेमी जखम एकाच थरात शिवली तर १२००२. आतला थर वेगळा शिवून मग कातडी शिवली तर १२०३२. ‘टाके घातले’ यातून दोन्हींपैकी काहीच कळत नाही. किती सेंटिमीटर आणि किती थर, एवढे दोन शब्द डॉक्टरांकडून काढा.

मेलेला भाग काढणं, म्हणजे डिब्राइडमेंट, याचा हिशोब क्षेत्रफळावर. त्वचेखालच्या थरापर्यंत काढलं तर पहिल्या २० चौरस सेंटिमीटरला ११०४२, पुढच्या प्रत्येक २० किंवा त्याच्या भागाला ११०४५. स्नायूला ११०४३, हाडाला ११०४४. जखम किती खोल आहे हे इथं बघायचं नाही, खरोखर काढलेला भाग कोणत्या थराचा होता ते बघायचं. हाड दिसणाऱ्या जखमेतून फक्त चरबीपर्यंत काढलं तर ११०४२ च. एका पायावर ६ बाय ४ आणि दुसऱ्यावर ३ बाय २, दोन्हीकडं थर एकच, तर बेरीज करायची: २४ आणि ६ मिळून ३०, म्हणजे ११०४२ आणि एक ११०४५. थर वेगळे असतील तर बेरीज नाही.

एक नोट, पूर्ण

नमुन्यासाठी ही मी रचलेली नोट. आपल्या भाषेत लिहिली तरी चालते हे दिसावं म्हणून मराठीत.

‘टाइप २ डायबेटिस, गोळ्या व इन्सुलिन चालू. उजवं पाऊल, अंगठ्याच्या मुळाशी तळव्याकडून व्रण. तीन आठवड्यांपूर्वी काटा, घरी काढला, आत काही नाही. ३ × २ सेमी, खोली ०.६ सेमी. तळाशी चरबीचा थर दिसतो, स्नायू व हाड दिसत नाही. तळ ७० टक्के लाल, ३० टक्के पिवळा. १२ ते २ च्या बाजूला कड १ सेमी पोकळ. पिवळसर स्राव, वास नाही. भोवती ४ सेमी लाली, गरम. पावलावरची नाडी लागते; तळव्याला स्पर्श कळत नाही. निदान: डायबेटिक फूट अल्सर, उजव्या पायाला सेल्युलायटिस. ब्लेडनं मेलेला भाग त्वचेखालच्या थरापर्यंत काढला, ६ चौ. सेमी. काढल्यावरचं माप ३.२ × २.२ × ०.८.’

यावरून: ई११.६२१, एल९७.५१२, एल०३.११५ सेल्युलायटिससाठी (कातडी आणि तिच्याखालचा जंतुसंसर्ग), झेड७९.४ इन्सुलिनसाठी, झेड७९.८४ गोळ्यांसाठी, आणि प्रक्रियेला ११०४२. एकही घर रिकामं नाही. याच नोटमध्ये ‘शुगर ३२०’ असं असतं तरी त्या आकड्यावरून कोड काढता आला नसता. डॉक्टरांनी हायपरग्लायसेमिया (रक्तात साखर वाढणं) लिहिलं तरच ई११.६५. पू तपासणीत जंतू सापडला आणि डॉक्टरांनी तो संसर्गाशी जोडला, तर त्याचा बी९५-बी९६ मधला कोड जोडायचा. आधी एखादं बोट कापलेलं असेल तर तेही टाका, उजवा अंगठा गेलेला असेल तर झेड८९.४११; पुढच्या धोक्याचा अंदाज त्यावरून येतो. व्रण पूर्ण भरलेला असताना पेशंट आला तर एल९७ टाकायचा नाही, फाइलच्या पहिल्या पानावर तो अजून दिसत असला तरी. भरत असलेला मात्र टाकायचा, आज जी खोली आहे त्या खोलीसह.

डॉक्टरांना विचारायचं कसं

नोट अपुरी असेल तर प्रश्न पाठवायचा. पण त्यात उत्तर कोंबायचं नाही. ‘सर, हा डायबेटिक अल्सरच आहे ना?’ असं विचारलं की सर ‘हो’ म्हणणार, आणि ऑडिटर तो प्रश्नच बाद करणार. चार्टमध्ये दिसतं ते मांडा आणि पर्याय मोकळे ठेवा. उदाहरणार्थ: ‘तारीख अमुकच्या नर्सिंग नोटमध्ये डाव्या टाचेला २ × २ सेमी काळी खपली नोंदली आहे. पेशंटला टाइप २ डायबेटिस असून खुब्याच्या हाडाच्या फ्रॅक्चरनंतर ते अंथरुणावर आहेत. या जखमेचं कारण कृपया नोंदवावं: दाबामुळं, डायबेटिसमुळं, रक्तपुरवठा कमी असल्यानं, अन्य, किंवा सांगता येत नाही.’ आपल्याकडं मोठ्या डॉक्टरांना लेखी विचारायला सिस्टर कचरतात, आणि तोंडी विचारलेलं फाइलला लागत नाही. असा छापील नमुना काउंटरवर ठेवला की संकोच कमी होतो, सरही टिक करून मोकळे होतात. उत्तर आलं की डॉक्टरांनी स्वतः नोटमध्ये तारीख-वेळेसह पुरवणी लिहायची, तुम्ही नाही. तोपर्यंत चार्ट होल्डवर ठेवा.